व्होल्गाकाठी क्षमेचा रविवार

मित्रांनो, तुम्ही कधी पाचूबंदरला आला आहात का? यायचं असेल तर वाट अगदी सोपी आहे. वसई रोड स्टेशनवर उतरायचं, तिथून बसनं नाहीतर रिक्षानं वसई गावात यायचं आणि किल्ल्याच्या बाजूनं समुद्राकडे वळायचं. पुढे कुणाला रस्ता विचारायची गरजच नाही. नाक असलं म्हणजे पुरे! सुक्या बोंबलांचा वास आला की समजायचं, पाचूबंदर आलं.

नावात पाचू आहे, पण आमच्या गावात रत्नं-बित्नं काही मिळत नाहीत हं! आमचं गाव मासे धरणाऱ्यांचं. किनाऱ्यावर होड्या लागलेल्या असतात, जाळी पसरलेली असतात आणि पावसाळा सोडला तर जिकडेतिकडे मासळी वाळत असते. बोंबील कसे वाळवतात, ठाऊक आहे? बांबू रोवून त्यांना आडवे बांबू आणि दोर बांधतात. मग दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते त्यांवर टांगतात. लांबून पाहिलं तर कुणीतरी भलंमोठं तोरण बांधलंय, असं वाटतं.

माझे बाबा मासेमारी करतात. मी याच वासात लहानाचा मोठा झालो. आज मी तुम्हांला जी हकिकत सांगणार आहे, ती या बोंबलांपासून सुरू होते आणि थेट रशियात, व्होल्गा नदीच्या काठी जाते. तिच्यात मी काही फारसा शहाणा दिसत नाही. पण खरी आहे, म्हणून सांगतो.

2018 सालचा सप्टेंबर महिना. मी डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी मॉस्कोला निघालो होतो. आपल्याकडची बरीच मुलं त्यासाठी रशियात जातात. बाबांनी कर्ज काढलं होतं. घरात आठवडाभर नुसती गडबड चालली होती. आई स्वेटर, लोणचं, मसाल्याच्या पुड्या भरत होती. बाबा मात्र एकाच कामात गुंतले होते. उन्हाळ्यात वाळवलेले बोंबील घेऊन ते ओट्यावर बसले, एकेक निवडून काढला, कागदात गुंडाळला, वर प्लॅस्टिकची पिशवी घातली आणि चिकटपट्टीचे चांगले सात-आठ वेढे दिले. म्हणाले, “तिकडे थंडीत तोंडाला चव नसेल. भाजून खा.”

विमानतळावर सामान वजनाला जास्त भरलं. मला तिथंच, रांगेच्या बाजूला, बॅग उघडावी लागली. आजूबाजूला माझ्याबरोबर निघालेली मुलं होती, त्यांचे आईवडील होते. बॅग उघडली आणि... तुम्ही ओळखलंच असेल! सात-आठ वेढे देऊनही वास आलाच. एका मुलानं नाकाला रुमाल लावला. दुसरा खुसखुसला. बाबा हसतच सगळ्यांना सांगू लागले, “त्याला आवडतात हो फार!”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी ते पुडकं उचललं आणि बाबांच्या हातात कोंबलं. “हे घेऊन जा घरी. हा वास घेऊन मी कुठंही जाणार नाही!” असं जोरात म्हणालो. इतकं जोरात, की ते सगळ्यांना ऐकू जावं. म्हणजे माझा आणि त्या वासाचा काही संबंध नाही, हे सगळ्यांना कळावं!

बाबा काही बोलले नाहीत. पुडकं काखेत धरून उभे राहिले. आत जाताना मी वळून पाहिलं, तर ते पाठमोरे झाले होते.

पुढे दर रविवारी घरी फोन व्हायचा. बाबा विचारायचे, “बरा आहेस ना? जेवलास ना?” मी म्हणायचो, “हो.” लगेच ते म्हणायचे, “थांब, आईकडे देतो.” मला दर वेळी वाटायचं, आज बोलावं. पण इतके दिवस गेल्यावर तो विषय काढायचा कसा? ‘बाबा, सॉरी’ हे दोनच शब्द. ते ओठांपर्यंत यायचे आणि परत जायचे. असे सहा महिने गेले. तुमचंही कधी असं झालंय का?

वसतिगृहात माझ्या खोलीत एक रशियन मुलगा होता. तो त्वेर या शहराचा. मॉस्कोहून वायव्येला, सेंट पीटर्सबर्गच्या वाटेवर हे गाव आहे. अंतर साधारण आपल्या मुंबई-नाशिकइतकं. 2019 साली 8 मार्च शुक्रवारी आला. रशियात महिला दिनाला सुट्टी असते, तेव्हा लागून तीन दिवस सुट्टी मिळाली. मित्र म्हणाला, “शनिवारी घरी चाललोय. चल माझ्याबरोबर. आजी एकटीच असते. शिवाय सध्या मास्लेनित्सा आहे. धिरडी खाऊन खाऊन पोट फुटेल!”

आम्ही ‘लास्तोच्का’ नावाच्या गाडीनं निघालो. लास्तोच्का म्हणजे पाकोळी. विरार लोकलमध्ये घडलेल्या माणसाला ती गाडी पाहून हसूच आलं. दारात लोंबकळणारं कुणी नाही, “आत सरका, आत सरका” नाही! दोन तासांच्या आत आम्ही पोहोचलोसुद्धा.

आजीकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? म्हणून स्टेशनजवळ मी ट्यूलिपची फुलं घेतली. चांगली अर्धा डझन. मित्रानं ती पाहिली मात्र, त्याचा चेहराच उतरला. त्यानं त्यांतलं एक फूल काढलं आणि शेजारच्या बाकावर बसलेल्या एका बाईंना देऊन टाकलं. मी म्हटलं, “अरे, हे काय?” तर तो म्हणाला, “सम संख्येनं फुलं आम्ही फक्त मयताला नेतो. घरी न्यायची ती तीन, पाच, सात!”

मला एकदम आपली आहेराची पाकिटं आठवली. आपण कसे 11, 51, 101 रुपये घालतो, वरचा एक विसरत नाही, तसंच की हे! कुठे वसई आणि कुठे त्वेर, पण शुभाला विषम आकडा दोघांनाही लागतो.

दार उघडताच आजी दिसली. रशियन भाषेत आजीला ‘बाबुश्का’ म्हणतात. मी बाहेरूनच फुलं पुढे केली, तर तिनं दोन्ही हात मागे घेतले आणि मला खुणेनं आत बोलावलं. उंबरठ्यावरून काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही, हातसुद्धा मिळवायचा नाही, अशी त्यांची रीत. आमच्याकडेही म्हातारी माणसं उंबरठ्यावर उभं राहून देणं-घेणं करू देत नाहीत. मी आत गेलो, बूट काढले. बाबुश्कानं लगेच घरात घालायच्या सपाता पुढे केल्या. थंडीचा देश ना! घरात पाहुण्यांसाठी असे जादा जोड ठेवलेलेच असतात.

स्वयंपाकघरात गेलो आणि मी जागच्या जागी थांबलो. वास! ओळखीचा वास! खिडकीजवळ एका दोरीला ओळीनं मासे टांगलेले. बोंबील नव्हते, नदीतले चपटे मासे होते. मीठ लावून वाळवलेले. शेजारचे एक आजोबा ते धरून आणतात आणि बाबुश्का वाळवते. मित्र जरा ओशाळला. म्हणाला, “माफ कर हं, वास येतोय का? तुला सवय नसेल.”

मला सवय नसेल! मी काय बोलणार? मी नुसता त्या दोरीकडे बघत राहिलो.

आता मास्लेनित्साबद्दल सांगतो. ‘मास्ला’ म्हणजे लोणी. ईस्टरच्या आधी रशियन चर्चचा मोठा उपवास असतो. तो जवळजवळ सात आठवडे चालतो. या काळात नेमानं वागणारी माणसं मांस, दूध, लोणी, अंडी यांतलं काहीच खात नाहीत. मासेसुद्धा फक्त ठरावीक दोन सणांना. मग उपवास सुरू होण्याआधी घरातलं लोणी, दूध, अंडी संपवायला नकोत का? म्हणून आधीचा आठवडाभर धिरडी करायची. त्या धिरड्यांना ‘ब्लिनी’ म्हणतात. आपल्या घावनासारखी पातळ, पण गव्हाच्या पिठाची. गोल, पिवळी, गरम. जणू सूर्यच! हिवाळा संपत आला, सूर्य परत येतोय, असाही त्याचा अर्थ लावतात. वर मध घ्या, मुरंबा घ्या, नाहीतर स्मेताना नावाची आंबट साय घ्या.

बाबुश्कानं पहिलं ब्लिन तव्यावर टाकलं, ते चिकटलं आणि त्याचा गोळा झाला. ती हसून काहीतरी म्हणाली. मित्रानं सांगितलं, “आमच्याकडे म्हणच आहे, पहिल्या ब्लिनचा गोळाच होतो. म्हणजे कुठलंही काम पहिल्यांदा बिघडणारच.” आता बोला! घावन करताना माझी आईसुद्धा पहिलं घावन तव्यालाच नैवेद्य म्हणून सोडते.

आणखी एक गंमत. या आठवड्यातल्या प्रत्येक वाराला नाव आहे. सोमवार स्वागताचा. बुधवारी जावई सासूकडे ब्लिनी खायला जातो. शुक्रवारी सासू जावयाकडे जाते, म्हणजे फिटंफाट! शनिवार हा चक्क नणंदेचा. नव्या सुनेनं त्या दिवशी नणंदांना बोलवायचं, खायला घालायचं, भेटवस्तू द्यायची. आणि रविवार? मी विचारलं, तर मित्र म्हणाला, “तो उद्या कळेल.”

शनिवारी दुपारी त्यानं मला नदीवर नेलं. व्होल्गा! युरोपातली सर्वांत लांब नदी, साडेतीन हजार किलोमीटर लांबीची. भूगोलाच्या पुस्तकात जिच्या नावाखाली रेघ मारली होती ती नदी माझ्यासमोर होती, आणि वाहत नव्हती! बरीचशी गोठलेली होती. त्या बर्फावर माणसं लहान लहान स्टुलं टाकून बसली होती. मोठ्या गिरमिटानं बर्फाला भोक पाडायचं आणि त्यात गळ सोडून वाट बघायची. मी कोळ्याचा पोरगा. होडी पाहिली, डोलजाळं पाहिलं, भरती-ओहोटीचं गणित पाहिलं. पण पाण्यावर बैठक मारून मासेमारी मी पहिल्यांदाच पाहिली! बाबांना हे सांगायला हवं, असं मनात आलं आणि पाठोपाठ पुडकं आठवलं.

नदीच्या पलीकडच्या काठावर एक पुतळा आहे. होडीसारखा चौथरा, होडीच्या नाळेवर घोड्याचं डोकं आणि वर उभा एक माणूस. मित्र म्हणाला, “हा आमच्या गावचा. आणि तुमच्याकडे येऊन गेलेला!”

तो अफानासी निकितीन. त्वेरचा व्यापारी. त्याचा हा पुतळा 1955 साली उभारला. आता त्याची गोष्ट ऐका. साडेपाचशे वर्षांपूर्वी तो व्यापारासाठी व्होल्गेतून खाली निघाला. वाटेत त्याला लुटलं. हात हलवत परत कसं जायचं? म्हणून तो पुढेच गेला. इराण ओलांडून होर्मुझला पोहोचला. तिथून एका गलबतावर एक घोडा घेऊन चढला, कारण हिंदुस्थानात घोड्यांना भाव चांगला येतो, असं त्यानं ऐकलं होतं. दीव, खंबायत करत ते गलबत साधारण 1469 साली चौलला लागलं. चौल म्हणजे आपल्या अलिबागजवळचं, बरं का! वास्को द गामा कालिकतला पोहोचला 1498 साली. हा त्याच्या जवळपास तीस वर्षं आधी आलेला.

आणि जरा नकाशा काढून पाहा. खंबायतहून चौलला जाणारं गलबत कुठून जाईल? आमच्या वसईसमोरूनच की! तेव्हा वसईचा आजचा किल्ला नव्हता. पोर्तुगीजांना वसई मिळाली 1534 मध्ये आणि चिमाजी अप्पांनी त्यांच्याकडून ती जिंकली 1739 मध्ये. निकितीन त्या सगळ्याच्या आधीचा. त्याच्या गलबतावरून आमचा किनारा दिसला असेल का, असा विचार करत मी कितीतरी वेळ उभा होतो.

चौलला लोक त्याचा गोरा रंग पाहून नवलानं त्याच्या मागे मागे फिरत, असं त्यानं लिहून ठेवलंय. मॉस्कोच्या मेट्रोत लहान मुलं माझ्याकडे टक लावून बघतात, तेव्हा मला तेच आठवतं! पुढे तो जुन्नरला गेला. तिथं त्यानं आपला पावसाळा काढला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल पाहून बिचारा थक्क झाला. जुन्नरच्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला आणि सांगितलं, “धर्म बदललास तर घोडाही मिळेल आणि वर हजार मोहरा.” निकितीन बधला नाही. एका ओळखीच्या अधिकाऱ्यानं मध्यस्थी केली, म्हणून घोडा सुटला. नंतर तो बिदरला गेला, आणि अखेर दाभोळ बंदरातून परत फिरला.

पण त्याच्या लिखाणातली एक गोष्ट मित्रानं सांगितली आणि ती माझ्या मनात रुतून बसली. लुटालूट झाली तेव्हा त्याची पुस्तकंही गेली होती. त्यामुळे आपला उपवास कधी, आपला ईस्टर कधी, हेच त्याला कळेना. परक्या मुलखात तो अंदाजानं दिवस मोजायचा, अंदाजानं उपवास धरायचा, आणि चुकत असेल म्हणून देवाची क्षमा मागायचा.

माझ्या पोटात धस्स झालं. आमचं घर ख्रिस्ती आहे. आमच्याकडे उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या वर्षी तो 6 मार्चला होता, म्हणजे तीनच दिवसांपूर्वी! आमचं चर्च आणि रशियन चर्च यांची ईस्टर मोजायची दिनदर्शिका वेगळी आहे, म्हणून त्यांचा उपवास त्या वर्षी सोमवारी, 11 मार्चला लागायचा होता. पण आमचा लागून गेला होता आणि मला त्याची आठवणही नव्हती. निकितीनची पुस्तकं लुटारूंनी नेली होती. माझ्या खिशात तर मोबाइल होता, कॅलेंडरासकट!

निकितीन परत त्वेरला पोहोचला का? नाही, मित्रांनो. गाव थोडंच उरलं असताना, स्मोलेन्स्कच्या अलीकडे तो वारला. त्याची वही मात्र पोहोचली. ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावानं ती आज जगभर वाचली जाते. चौलच्या शेजारी रेवदंड्यालाही त्याचं स्मारक आहे. आईवडिलांबरोबर अलिबागला गेलात तर जरूर बघून या.

परतताना मी फार बोललो नाही. घरी पोहोचायचं राहून गेलेला तो माणूस डोळ्यांपुढून हलत नव्हता.

रविवार उजाडला. सकाळी एका मैदानात खूप गर्दी जमली होती. गाणी, नाच, दोरीची रस्सीखेच, वाफाळता चहा. मधोमध गवताची एक मोठी बाहुली उभी केलेली, रंगीत कपडे घातलेली. ती म्हणजे हिवाळा. संध्याकाळच्या आत तिला पेटवतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. आमच्याकडच्या कोळीवाड्यांत होळीचा सण केवढा मोठा असतो! मला वाटलं, आता कुणीतरी बोंबही मारणार. पण ते काही कुणी केलं नाही.

घरी आलो. बाबुश्का टेबलाशी बसली होती. नातवाला जवळ बोलावलं, त्याचे हात हातांत घेतले आणि म्हणाली, “प्रस्ती मिन्या.” म्हणजे, मला क्षमा कर. तो म्हणाला, “बोग प्रस्तीत.” म्हणजे, देव क्षमा करील. “आणि मीही करतो. तूही मला क्षमा कर.” मग दोघांनी एकमेकांच्या गालाचे मुके घेतले.

सत्तरीच्या पुढची आजी, आणि नातवाची क्षमा मागते! मी बघतच राहिलो. मित्रानं समजावलं, “हाच आजचा रविवार. क्षमेचा रविवार. उद्यापासून उपवास. पोट रिकामं ठेवायचं तर आधी मन नको का रिकामं करायला? आज ज्याला त्याला म्हणायचं, मला क्षमा कर. लहानांनी मोठ्यांना, मोठ्यांनी लहानांना. शेजाऱ्याला, मित्राला, फोनवर, पत्रानं, कसंही. काय चुकलं ते सांगितलंच पाहिजे, असं नाही. आणि समोरच्यानंही उलट क्षमा मागायची.”

तेवढ्यात बाबुश्का माझ्याकडे वळली. “सिनोक,” म्हणजे बाळा, “प्रस्ती मिन्या.” जिच्या घरी मी दोन दिवस पोटभर जेवलो, ती माझी क्षमा मागत होती! मी अडखळत म्हणालो, “बोग प्रस्तीत.” आणि मला पुढचं काही बोलताच येईना. मी मोबाइल घेऊन खिडकीशी गेलो, त्या टांगलेल्या माशांजवळ. त्वेरला पाच वाजले होते, म्हणजे पाचूबंदरला साडेसात.

फोन बाबांनीच घेतला. “बरा आहेस ना? जेवलास ना?”

“हो. बाबा, आईकडे देऊ नका. मला तुमच्याशीच बोलायचंय.”

पलीकडे शांतता. मी म्हटलं, “बाबा, इथं आज सगळे एकमेकांची माफी मागतात. रीतच आहे. म्हणून... विमानतळावर मी ते बोंबील तुमच्या हातात कोंबले ना, लोकांसमोर बोललो... माझं चुकलं, बाबा.”

बाबा थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं, फोन कट झाला. मग म्हणाले, “ते बोंबील होय? ते आम्ही त्याच रात्री भाजून खाल्ले. चांगले होते!”

मी हसलो. तेही हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “वाईट वाटलं होतं रे. खोटं कशाला बोलू?” आणि जरा थांबून, “पण मीही पाठ फिरवली. तू आत जात होतास, मी हात केला नाही. घरी येईपर्यंत तेच मनात होतं. तेव्हा माझंही चुकलंच.”

मित्रांनो, बाबांना त्या रशियन रीतीतलं काही ठाऊक नव्हतं. उलट क्षमा मागायची असते, हे मी त्यांना सांगितलंही नव्हतं.

त्यानंतर आम्ही अर्धा तास बोललो. बर्फात भोक पाडून मासे धरतात, हे ऐकून त्यांनी शंभर प्रश्न विचारले. गिरमिट केवढं? गळाला आमिष काय? बर्फ फुटला तर? फोन ठेवल्यावर बाबुश्कानं विचारलं, “आजीशी बोललास का?” मी गोंधळलो. मग कळलं, रशियन भाषेत ‘बाबा’ म्हणजे बाईमाणूस, म्हातारी! मी दर वाक्याला ‘बाबा, बाबा’ करत होतो, तेव्हा तिला वाटलं, मी कुणा म्हातारीशीच बोलतोय. मी सांगितलं, “नाही, पापाशी.” ती म्हणाली, “मग डोळे का पुसतोस? उलट चांगलंय की.”

निघायची वेळ झाली. सामान दाराशी ठेवलं, कोट घातले, आणि सगळे पुन्हा खाली बसले! प्रवासाला निघण्याआधी मिनिटभर गप्प बसायचं, ही आणखी एक रीत. कुणी काही बोललं नाही. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मला वाटलं, त्या दिवशी पाचूबंदरच्या घरातून आम्ही धावतपळत निघालो, तेव्हा असं मिनिटभर बसलो असतो तर किती बरं झालं असतं!

मग बाबुश्का उठली. दोरीवरचे सगळे मासे उतरवले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि ते पुडकं माझ्या हातात दिलं. उद्यापासून तिला मासे चालणार नव्हते ना! मी तिला म्हटलं, आमच्याकडे उपवासात मांस सोडतात, पण मासे चालतात. ती म्हणाली, “तुमचा देव कोळ्यांवर खूश दिसतोय!”

गाडीत गर्दी होती. पुडकं मांडीवर होतं. समोरच्या एका मुलीनं नाक मुरडलं आणि इकडेतिकडे पाहिलं. मी तिला म्हणालो, “माझ्याकडचाच वास आहे. सुके मासे आहेत.” शेजारचे एक काका ते ऐकून सरसावून बसले. “घरचे?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “हो, घरचे.” मॉस्को येईपर्यंत त्यांनी त्यातले दोन संपवलेसुद्धा!

त्याच वर्षी जुलैत मी सुट्टीला घरी गेलो. धो धो पाऊस, मासेमारी बंद, होड्या वर ओढून ठेवलेल्या. बाबांनी निखाऱ्यांवर बोंबील भाजले आणि तांदळाच्या भाकरीबरोबर माझ्या ताटात वाढले. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. गरजच नव्हती.

दोस्तांनो, आपल्याकडेही असे दिवस आहेत बरं का! संक्रांतीला आपण तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगतो. आपले जैन शेजारी पर्युषणाच्या शेवटी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून सगळ्यांची क्षमा मागतात. पूर्वी मला वाटायचं, हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतात. पण जे शब्द सहा महिने माझ्या ओठांवरून परत जात होते, ते एका परक्या गावच्या रीतीमुळे बाहेर पडले. त्या दिवशी सगळेच म्हणत होते, म्हणून मलाही म्हणता आलं.

तुमचंही कुणाशी काही बोलायचं राहून गेलंय का? मित्राशी, ताईशी, आजोबांशी? मग संक्रांतीची वाट कशाला बघता? येत्या रविवारी सांगून टाका. आणि हा लेख वाचणाऱ्या आईबाबांनो, समोरून तो किंवा ती आलीच, तर तुम्हीही माझ्या बाबांसारखं करा. आधी थोडं हसा. मग तुमचंही काही राहिलं असेल, तर तेही सांगून टाका.